सातव्या रांगेपलीकडे

रिओ नेग्रोच्या खोऱ्यात
एदुविना आता झाडं मोजत नाही.
नाशपातीच्या सातव्या रांगेपलीकडे कुंपण,
कुंपणाआड मनोरा, आणि रात्रभर
न मावळणारा एक पिवळा जाळ.
कोंबडा दोन वाजताच आरवतो.

कंपनीचा माणूस सभ्य होता.
कॉफी प्यायला, साखर मागून घेतली.
"तीन हजार मीटर खाली चाललंय सगळं, सेन्योरा,
झाडांच्या मुळांना पत्ताही लागणार नाही."
तिनं सही केली, नवऱ्याच्या पेनानं.

मार्चमध्ये, तोडणीच्या दिवसांत,
नातवाच्या नाकातून रक्त.
डॉक्टर म्हणाले, हवा कोरडी आहे.

कोरडी ती तिच्या लहानपणीही होती.

आज प्रयोगशाळेचं पाकीट आलंय.
फोडलं नाही.
वाऱ्यानं उडू नये म्हणून
त्यावर पेला ठेवलाय,
विहिरीच्या पाण्यानं भरलेला, काठोकाठ.