सहावी इच्छा

आमच्या अर्जात त्याला पर्याय म्हणत नाहीत,
इच्छा म्हणतात.
पहिली इच्छा, दुसरी इच्छा, अशा सहा.
परीकथेतसुद्धा तीनच मिळतात,
आणि तिथं कुणी गणिताचे गुण विचारत नाही.

बावीस वर्षं ही खोली माझ्याकडे आहे.
केमियार्वीत बर्फ असतो तोवर मुलं असतात,
बर्फ वितळला की दक्षिणेकडे निघतात.
या वर्षी अकरा.
मार्चमधल्या ठरलेल्या दिवशी, दुपारी तीनच्या आत,
प्रत्येकाच्या इच्छा मी ओळीत उभ्या करते.
क्रम नीट लावा, बजावते.
वरची पुरी झाली की खालच्या आपोआप मरतात.

इल्मीनं सहाही ठिकाणी नर्सिंगच लिहिलं,
फक्त गावं वेगळी,
प्रत्येक गाव आधीच्यापेक्षा घरापासून लांब.
मी काही विचारलं नाही.
तूरे सुतारकामाला जाणार.
त्या अर्जाला मुदत नसते, वर्षभर दार उघडं.
"मग आजच कशाला?" म्हणाला,
आणि ड्रिल खांद्यावर टाकून
तळ्याला भोक पाडायला गेला.

नूट्टी आला दोन वाजून वीस मिनिटांनी.
हातात घडी घातलेला कागद,
त्यावर पाच इच्छा, आईच्या अक्षरात.
वैद्यकीय, वैद्यकीय, दंतवैद्यक,
मग पुन्हा वैद्यकीय, दुसऱ्या शहरातलं,
पाचवी मला वाचता आली नाही.
पाइविक्कीचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता.
"सहावी?" मी विचारलं.
"ती या यादीत नाही."

त्यानं भराभर भरलं सगळं.
शेवटचं बटण दाबताना मुलांच्या बोटांकडे बघायचं नाही,
हा माझा नियम.
म्हणून खिडकीशी गेले.
मार्चचं ऊन फार भोचक असतं,
काचेवरचा हिवाळ्याचा हात न् हात दाखवतं.
तळ्यावर तूरे, बादलीवर बसलेला,
एक काळा ठिपका, कुठलीच घाई नसलेला.

भिंतीवर माझं गोल घड्याळ,
बंद पडलेल्या कारखान्यातून कुणीतरी शाळेला दिलेलं.
तीनला पाच कमी.
"पाच मिनिटं आहेत," मी म्हणाले.
"हं."
तीनला दोन कमी.
"नूट्टी, आता पाठव."

तो वळला नाही.
इतक्या हळू बोलला, की आधी वाटलं, वाचतोय काहीतरी:
"रायली, तुझं घड्याळ चार मिनिटं मागे आहे.
ऑक्टोबरपासून."

मी पडद्याकडे गेले. तीन वाजून दोन.
पान कोरं, मुदत संपल्याचं एक सभ्य वाक्य,
आणि त्याचे हात मांडीवर,
स्वच्छ धुतलेले, तरी नखांत पितळेची बारीक पिवळी रेघ.

अशा वेळी काय बोलायचं, ते माझ्या खणात छापून ठेवलेलं आहे.
पुढच्या वर्षी पुन्हा संधी, धीर सोडू नकोस, हे पत्रक घे.
खण उघडला नाही मी.
पाच महिने हा मुलगा येत राहिला,
माझं चुकलेलं घड्याळ बघत राहिला,
आणि बोलला नाही.
राग यायला हवा होता.
आला, पण तोही जरा मागे पडूनच आला.

तोवर तो खुर्चीवर चढलेला.
घड्याळ उतरवून टेबलावर उपडं ठेवलं,
मागचं झाकण उघडून कान लावला,
"तेल वाळलंय," म्हणाला,
पेशंटजवळ बसून बोलतात तशा आवाजात.
"रविवारी सगळा देश काटे एक तास पुढे करणार.
त्याच्या आत देतो."
मग, घड्याळाकडेच बघत:
"दक्षिणेत एक शाळा आहे. प्रवेशाला म्हणे
धातूचा तुकडा देतात, आणि कानस.
आईला सांगताना तू असशील?"

टेबलावर फोन थरथरायला लागला.
किती वाजले बघायला मी मान वर केली.
भिंतीवर फिकट रंगाचं एक वर्तुळ,
मधे खिळा.