शेऱ्याचा रकाना

बेशाच्या पुढं, जिथं रस्ता अजून मुरमाचाच आहे,
मी हजेरी लिहिते.
एकोणतीस नावं, सहा दिवस, शेवटचा रकाना शेऱ्याचा.
मे महिना. पत्र्याखाली कागदसुद्धा घाम सोडतो.

सकाळी गणवीर मिस्त्रीनं जिन्याच्या भिंतीशी ओळंबा सोडला,
एक डोळा मिटला
आणि म्हणाला, "कल आला हिले, बाई.
दोन सूत. पश्चिमेकडं."
मग भिंतीवर तळवा ठेवून नुसता उभा राहिला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

रामदुलार तेवढ्यात खांद्यावर गमछा टाकून निघाला.
"कल पर जा रहे हैं."
पहिल्या आठवड्यात मी त्याला विचारलं होतं,
उद्यावर कसं काय जातात, भाऊ?
तो हसला. तोंडात दात कमी, चुना जास्त.
छपरा जिल्ह्यात कल म्हणजे हातपंप.
आमचा इथला तीनदा खोकतो, मग गंजाचं पाणी देतो.

पाया खणला त्या दिवशी हासानंदशेठनं नारळ फोडला होता,
आणि सगळे पांगल्यावर कुमरेबाबानं, रात्रीचा चौकीदार,
मोहाचे चार थेंब खड्ड्यात सोडले.
"कल पाजली," म्हणाला, "आता माती चिडत नाही."
गोंडीतली कल ती. उरलेली त्यानं स्वतःच घेतली.
मातीनं दोघांपैकी कुणाचं ऐकलं,
ते दोन सूत सांगून राहिले आहेत.

एल्लम्मा.
घमेलं उतरवता उतरवता ती म्हणाली, "कल वच्चिंदि."
मला वाटलं, कुणी आलं असेल गावाहून.
तिनं डोळे मिटले, बोटं पापण्यांपुढं उघडली,
आणि अर्ध्या हिंदीत सांगितलं:
एक रिकामा रांजण होता,
त्यात कुणीतरी तिला तिच्या लहानपणच्या नावानं हाका मारत होतं.
तिच्याकडं स्वप्नाला कल म्हणतात.
ते नाव काय, मी विचारलं.
तिनं घमेलं उचललं.

शनिवारी पाचला शेठ आला, कानाशी मोबाइल.
मतमोजणी होती, सकाळपासून कल येत होते,
त्याचा माणूस अडीचशेनं मागं.
एकोणतीस जण रांगेत, हात धुतलेले, ओलेच.
शेठनं मान वर केली नाही.
"कल," म्हणाला. "पक्का कल."

हा एक कल मात्र सगळ्यांना कळला.
कुणी कुणाला अर्थ विचारला नाही.

रात्री भावाचा जुना कोश काढला, पाठीचा कणा मोडलेला.
कल्य, म्हणजे पहाट.
हिंदीवाल्यांचा गेलेला दिवस त्यातूनच, येणाराही त्यातूनच,
एकाच पहाटेला पुढून एक हाक, मागून एक.
आपला कल निराळ्या घरचा, कलणाऱ्यांचा.
रामदुलारचा सापडला, यंत्राच्या पोटात.
एल्लम्माचा नाही. कुमरेबाबाचा नाही.
पानं पुन्हा मागं उलटली, काय माहीत, नजरेतून सुटला असेल.
नव्हता.
कूलरचं पाणी संपलं होतं, वाळा कोरडाच वास देत होता.

सोमवारी रकमेचा रकाना रिकामा.
शेऱ्यात मी एकोणतीस वेळा एकच शब्द लिहिला,
खाली "वरीलप्रमाणे"च्या खुणा न करता, पूर्ण.
ऑफिसचा मुन्शी बोट ठेवून म्हणाला, हे काय?
कोणत्या भाषेत वाचायचं?
मी म्हटलं, नावाच्या रांगेत बघा, ज्याच्या त्याच्या.

बाहेर गणवीर घण मारत होता.
कललेली भिंत सरळ भिंतीपेक्षा चिवट असते,
हे मला तेव्हा कळलं.
धूळ बसेपर्यंत थांबले, मग मुन्शीच्या मागं गेले:
साहेब, ही पाडायची मजुरी कधी?
तो गाडीत बसला होता. काच वर जात होती.
ओठ हलले, तेवढे दिसले.