झीज वजा जाता

आधी नंबर बघायचा.
चाकाच्या पायथ्याशी, बिडातच ठोकलेला,
तेलाच्या काळ्या थराखाली.
बोटाला थुंकी लावून पुसलं की एक अक्षर वर येतं,
मागोमाग सहा आकडे.
अक्षरावरून कारखाना, आकड्यांवरून साल.
माझ्याकडे वही आहे, सासऱ्यांच्या हातची,
त्यात सगळी अक्षरं लावलेली आहेत.
सालाच्या पुढचं वही काही सांगत नाही.

तिबिलिसीत, कोरड्या पुलावर, शनिवार-रविवार
माझं दुकान म्हणजे एक सतरंजी.
डावीकडे झाउर लढाईतली पदकं विकतो,
उजवीकडे कान तुटलेले कप.
लोक मशीन आणतात, पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच:
"शंभर वर्षांची आहे."
असेल.
शंभर वर्षांच्या लाखांनी आहेत, बाई.
घरोघरी असायची ती वस्तू,
तिला कोण डोक्यावर घेणार?

माक्वालानं तिची आणली बाबागाडीतून,
वर शाल पांघरून, बाळ झोपल्यासारखी.

मी बघितली.
हातानं फिरवायची. लाकडी मूठ शाबूत.
धोटा लांबट, होडीसारखा, म्हणजे जुनी घडण.
खोक्याची किल्ली हरवलेली: वजा दहा.
पाटावर सोनेरी स्फिंक्स दोन,
एकीचे पंखसुद्धा कोरे करकरीत,
दुसरीला तोंडच नाही.
डावा तळवा टेकतो नेमका तिथे
रंग, सोनं, खालचा काळा मुलामा, सगळं गेलेलं,
नुसतं लोखंड, गारगोटीसारखं गुळगुळीत.
वजा तीस.
झीज वजा करतात. रीत आहे.
मी बनवलेली नाही.

"अंधाराच्या वर्षांत," ती म्हणाली
(मी विचारलं नव्हतं),
"वीज नव्हती, गॅस नव्हता,
पावासाठी पहाटे तीनपासून रांग.
विजेवरच्या मशिनी गप्प पडल्या, ही चालायची.
नणंद मूठ फिरवायची, मी कापड सरकवायची.
पडद्यांचे कोट केले. कोटांच्या चपला केल्या.
मजुरी राजमा, सरपण,
एकदा अर्धी मेणबत्ती.
नानुली मोठ्यानं टाके मोजायची,
शिवण कुठवर आली ते मला कळावं म्हणून.
दोनशेच्या पुढे तिचं नेहमी चुकायचं."

तेवढ्यात तो आला, कातडी जाकीटवाला,
खिशात लोहचुंबक.
दर दोन-चार वर्षांनी ही वावडी उठते,
जुन्या मशीनच्या सुईत म्हणे अनमोल धातू असतो,
परदेशी माणूस घर देईल बदल्यात.
त्यानं वाकून चुंबक लावला.
टक्.
चिकटला.
काही न बोलता तो झाउरच्या पदकांकडे वळला.

माक्वाला म्हणाली, "सुई तर मी मागच्या ईस्टरला बदलली."
आणि हसली, एवढी की कपवालीनंही मान वर केली.

"साठ लारी," मी म्हणालो.
"साठ," ती म्हणाली. घासाघीस नाही.
नोटा मोजून घेतल्या,
शाल घडी करून बाबागाडीत ठेवली.
मग परत वाकली,
धोट्यावरची सरकती पट्टी, काडेपेटीएवढी, चकचकीत,
नखानं ओढून काढली
आणि पर्समध्ये टाकली.

पट्टीशिवाय मशीन निम्म्या किमतीची.
नवखा गिऱ्हाईकही आधी तेच बघतो.
मी तोंड उघडलं.
ती पुलाच्या उतारावर पोचली होती,
रिकाम्या बाबागाडीचं एक चाक कुरकुरत होतं,
तेल मागत होतं.

चार महिने झाले.
दर शनिवारी ती सतरंजीवर असते,
चौकोनी भोकातून आतली होडी दिसते.
काल एका जर्मन जोडप्यानं दीडशे देऊ केले,
पट्टी दुसरीकडून मिळवू म्हणाले.
मी वही काढली, साल सांगितलं, अक्षर दाखवलं.
मग म्हणालो, अपुरी आहे,
विकायची नाही.

झाउर म्हणतो, तुला धंदा कळत नाही.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मूठ फिरवतो,
कापड नाही, दोरा नाही,
सुई वर जाते, खाली येते.
मोजतो.
दोनशेच्या पुढे माझंही चुकतं.