चौथा रकाना

दांडिया बाजारातल्या वरच्या मजल्यावर
हेतलबेननी फॉर्म पुढे सरकवला.
चौथा रकाना: घराण्यात कोणाला?
मी लिहिलं, वडील. आत्या. थोरले काका, पाय गेला.
रकाना संपला.
समासात आडवं लिहिलं: जुळा भाऊ, नाही.

बेन थांबल्या. "जुळा? सेम टु सेम?"
सेम. आई काजळाची तीट
मला डाव्या गालावर लावायची, अच्युतला उजव्या,
तरी एकदा त्यालाच दोनदा दूध पाजलं होतं.
त्यावरून मी अजून भांडतो.

अच्युत विजेचे मीटर वाचतो.
वाडी, रावपुरा, पाणीगेट.
जिने मोजत नाही, चपला मोजतो: वर्षाला चार जोड.
मी कोयलीला, रिफायनरीत.
बावीस वर्षं रात्रपाळी, एक खुर्ची, समोर काटे,
दोनला डबा, तीनला गाठिया,
चारला कोणाचा तरी वाढदिवस.

सेवउसळ मात्र दोघांची एकाच लारीवर.
तर्री जास्त, पाव तीन तीन.
त्याला कधी काही झालं नाही.
मला वाटायचं, बाबांच्या वाटणीत
मनगटी घड्याळ त्याला गेलं
आणि साखर मला.

मग उत्तरायणाला, एक कापलेला पतंग धरताना
तो गच्चीच्या पायरीवरून घसरला.
नडगी. प्लास्टर. खाट.
माणसं येत राहिली, चिक्की घेऊन, उंधियू घेऊन,
'हाड लवकर सांधतं' म्हणत डिंकाचे लाडू घेऊन.
पाडव्याला आम्ही दोघांनी रक्त दिलं.
माझं सात पूर्णांक एक.
त्याचं सहा पूर्णांक नऊ.

तीन महिन्यांच्या खाटेनं
तो पुन्हा माझा जुळा झाला.
मला बरं वाटलं.
लिहू नये, पण वाटलं.

बेननी दोन कागद दिले.
त्याच्यात सकाळी सातला बाजरीचा रोटलो,
दुपारी फरसबी, रात्री आठला ताट बंद.
माझ्यात रात्री दोनला फक्त ताक,
सकाळी झोपण्याआधी मूग, मूठभर,
आणि दर तासाला खुर्चीतून उठणे, हे अधोरेखित.
मी म्हटलं, रक्त एकच ना? मग कागद दोन कसे?
"रक्त एक छे, अनंतभाई. घड्याळं दोन."

आता पाळीआधी आम्ही सूरसागराला एक फेरी मारतो.
तो काठी टेकत, मी धापा टाकत,
वेग आपोआप जुळतो.
लारीवाला लांबूनच दोन बोटं दाखवतो,
अच्युत एक दाखवतो. पाव एकच.
वाटाणे निम्मे-निम्मे, तर्रीवरून वाद.

परत आलो की जिना. चार मजले, लिफ्ट बंद नाही,
आम्हीच बंद धरतो.
पहिल्या पायरीशी थोडं थांबतो:
आधी कोण?
आईला विचारायला हवं होतं.
तिलाही नक्की आठवत नसे.