तिसरा पाय

आठ पायांची चिप, मोर्शीच्या बाजारातली,
पंचेचाळीस रुपये; घासाघीस केली तेव्हा एक कपॅसिटर वरून.
स्पीकर नथ्थू टेलरच्या मेलेल्या टेपचा,
कागद फाटला होता, मैद्याची खळ लावली.
बॅटरी फवारणीच्या पंपातली.
दोनदा पुसली, तरी औषधाचा वास.

पाचव्या पायाला डाग देताना लाईन गेली.
मग खिळा चुलीत लाल केला.
शेवंताकाकूनं तव्यासकट भाकर बाजूला सारली:
"कर बापा. पन घर नोको जाळू."

राळेचा धूर डोळ्यांत.
तार जोडली, तिसऱ्या पायाला बोट लावलं,
बोट लावलं की गुरगुरते म्हणतात.

चूप.
पुन्हा लावलं. ओलं करून लावलं.
"मेली का रे थे?" काकू म्हणाली, आणि झोपली.

अकराला शेताची लाईन आली.
दूर कोणाच्या तरी विहिरीवर मोटर धरली.
मी सहज, उठता उठता, बोट टेकवलं

घुंऽऽऽ

म्हणजे खांबाखांबावरून आलेलं ते सगळं
माझ्यातून जात होतं,
आणि चिप संध्याकाळपासून
नुसती ऐकत बसली होती.

बोट काढवेना.
काकू झोपेतच ओरडली,
"भुंगा हाकला नं कोनी!"