तळव्यांपुरता उजेड

रात्रीचे अडीच.
विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत
इनक्युबेटर सदतीस अंशांवर, मी शालीत.
काचेवर सोन्याचा थर,
गुजरीतल्या सोनाराला दाखवला तर हसेल इतका पातळ.
त्यावर चंद्रीच्या कानाच्या कातडीतल्या पेशी.

चंद्री म्हणजे बाबासो खुटाळेंची म्हैस.
तांदळाएवढा तुकडा घेतला तेव्हा
तिनं नुसतं डोकं झटकलं,
कळवळले ते बाबासोच.

रंग टाकायचा नाही, सुई टोचायची नाही,
हात तर लावायचाच नाही.
खालून तिरका लाल उजेड पाठवायचा
आणि परत येईल तेवढा मोजायचा.
हा उजेड सोन्याच्या वर फार चढत नाही,
केसाच्या जाडीचा चारशेवा हिस्सा, संपला.
पेशीच्या पोटात काय चाललंय त्याला ठाऊक नाही.
त्याला कळतात फक्त तळवे :
किती टेकलेत, कुठं उचललेत.

पहिल्या रात्री सगळ्या तरंगत होत्या, रेघ सपाट.
मग एकीनं टाच टेकवली
आणि पडद्यावर रेघ उठली,
लाल मातीत नवखं पोरगं
पाय रोवून बघतं तशी, जरा डुगडुगत.

आज दोन चाळीसला
सतराव्या चौकटीतली रेघ कोसळली.
तळवे सुटले.
माध्यम पाहिलं, तापमान पाहिलं,
सिलिंडरचा काटा बोटानं टिचकावून पाहिला.
वहीत लिहिलं : सतरा, मेली बहुतेक.
पेन्सिलीनं लिहिलं ते बरं केलं.

सव्वाचारला त्याच चौकटीत
उजेड दोन जागी अडला.
दोन लहान तळवे, अजून नीट न पसरलेले.
एकाचे दोन व्हायचे तर आधी
स्वतःला गोळा करावं लागतं,
जमीन सोडावी लागते थोडी.
पुस्तकात होतं हे. मी त्यावर मार्कही मिळवले होते.
‘बहुतेक’ तेवढं राहू दिलं,
बाकी खोडलं.

सकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर
बाबासोंनी फेसाळ पेला पुढं केला.
दुसऱ्या म्हशीचा.
चंद्री आटली, वडगावच्या बाजारात दिली,
हे त्यांनी नव्हतं सांगितलं मला,
शेजारच्या गवळ्यानं सांगितलं.
टॉवेलला हात पुसत, इकडंतिकडं बघत
त्यांनी विचारलं,
“तुमच्याकडची कशी हाय?”

“पाय टेकून हाय,” मी म्हटलं,
“रात्री एकीच्या दोन झाल्या.”

ते बराच वेळ बादलीत बघत राहिले.
पेल्याचे पैसे
काही केल्या घेतले नाहीत.