अर्धं सूत

कुर्ल्याला, कपाडिया नगरातल्या शेवटच्या गाळ्यात
मुकादमचाचांनी रुमालातला बुश उचलला,
आत अंगठा फिरवला.
"हे माप नको. हे झिजलेलं."

गाडी अठ्ठ्याण्णवची.
पाट्यावरचे नंबर ससून डॉकच्या खाऱ्या पाण्यानं
केव्हाच खाल्ले.

"बर्फ कुठल्या अंगाला भरता?"
डावीकडे. बाबांची सवय.
ते गेले,
गाडी अजून तिकडेच कलते.

चाचांनी कडेचं वंगण नखानं खरवडलं,
जिथं पिन कधी घासलीच नव्हती
तिथं कॅलिपर टेकवला.
"अर्धं सूत कमी. हे मूळचं."

चार डबे उपसले. एकच निघाला.
"जोडीचा शुक्रवारी बघू.
हा डावीकडे बसव आधी."

मी हो म्हटलं,
आणि गाडीखाली शिरलो
उजवीकडून.